पितरांची तहान

धरणगावच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये त्या वर्षी दर गुरुवारी जेवढी माणसं जमत, तेवढी पुढारी आला तरी जमत नसत. पुढाऱ्याला निदान माणसं आणायला ट्रक पाठवावे लागतात. इथं लोक आपल्या पायांनी यायचे, चैत्रातल्या भर उन्हात, डोक्यावर घागर घेऊन.

घागर नवी कोरी, मातीची. तोंड पांढऱ्या मातीनं लिंपून बंद केलेलं आणि ते लिंपण मधोमध खोलगट, वाटीसारखं. गळ्यात लाल दोरा, पोटावर गेरूनं घरधन्याचं नाव. आत त्या घरची शिल्लक. कुणाची बैल विकून आलेली, कुणाची पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली. आणि समोर, कापसाच्या जुन्या गासड्यांवर गालिचा टाकून बसलेले घागरनाथ महाराज. गिरनारहून आले असं ते स्वतः सांगत, आणि ते सांगतात म्हणजे खरंच असणार असं बाकीचे.

"नोट म्हणजे काय?" महाराज विचारायचे. "कागज. कागज कुणाचा? सरकारचा. सरकार आज है, कल नहीं. पण तुमचे पितर? ते काल होते, आज आहेत, उद्याही राहतील. त्यांना सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या तीर्थ पाजा. घरच्या सवाष्णीनं पाजा. वाटीत ओता आणि बघा, पाणी दिसेनासं होतं की नाही. कोण पितं? पितर पितात. आणि तृप्त झालेला पितर काय करतो? कागदाची चांदी करतो. राणीछाप रुपया. चांदीला वजन असतं, बाबा. म्हणून मी म्हणत नाही माझ्यावर विश्वास ठेवा. काट्यावर ठेवा."

काटा भाईदास नानांचा होता. खरी गोम इथंच.

भाईदास नाना म्हणजे जिनिंगचे काटेवाले. वीस वर्षं त्यांनी गावोगावचा कापूस जोखला होता. गाडी आली की नाना बाही वर सारून खांद्यापर्यंत हात आत घालायचे, तळातला मूठभर कापूस काढायचे, पिळायचे, नाकाशी धरायचे आणि सांगायचे, "ओला माल. कट्टी." कट्टी म्हणजे पाण्याचं वजन कापून घेणं. मग शेतकऱ्यानं कितीही शपथा घेऊ देत, नाना हलत नसत. अशा माणसानं घागर काट्यावर ठेवून खणखणीत आवाजात "हिलाल पाटील, पावशेर वाढ" असं म्हटलं, की दुसऱ्या पुराव्याची गरजच उरत नव्हती. महाराजानं अंगाला राख फासली होती ती शोभेला. त्याचं सगळं देवपण नानांच्या काट्यावर तोललेलं होतं.

हिलाल पाटील उभ्या उभ्या हरखला. "मना बाप जिता व्हता तवय पानीले शिवे नही," तो म्हणाला. "आते रोज दोन तांब्या पेस."

लोक हसले. महाराजही हसले. मागे, शेडच्या दाराशी छत्री घेऊन उभ्या असलेल्या प्रमिलाबाई मात्र हसल्या नाहीत.

प्रमिलाबाई म्हणजे भाईदास नानांची बायको आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण. शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी नवऱ्याला जेवायला बोलवायला त्या आल्या होत्या. बाजूला उभ्या असलेल्या एका बाईला त्यांनी विचारलं, "गावातल्या एकाच्या तरी पितराला तहान नाही असं झालंय का?"

"नही ना बाई. बठ्ठास्ना पितर पेतस."

"चैत्र आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "माठातलं पाणीसुद्धा चार दिवसांत निम्मं होतं. त्यालाही पितरच पितात का?"

ती बाई दोन पावलं दूर सरकली.

आता यातली लबाडी परक्या माणसाला चटकन कळेल, पण खानदेशातल्या माणसाला का कळली नाही, ते सांगायला हवं. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, इथं घरोघर पितरांच्या नावानं पाण्यानं घागर भरतात. वर खरबूज ठेवतात, नैवेद्य दाखवतात. त्या घागरीत कुणी डोकावत नाही, तिला कुणी हलवत नाही, तिच्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. लहानपणी पोरानं हात लावला की फटका बसतो. तो फटका माणूस म्हातारपणापर्यंत विसरत नाही. महाराजानं नवं काहीही आणलं नव्हतं. लोकांच्याच घरातली, लोकांच्याच धाकातली वस्तू उचलली आणि तिच्यात त्यांचे पैसे ठेवायला लावले.

प्रमिलाबाईंचं बचतीचं शास्त्र साधं होतं. सणाचा खर्च कॅलेंडरात असतो, दुखण्याचा नसतो. म्हणून पगारातली एखादी नोट दर महिन्याला उडदाच्या डब्याच्या तळाशी जायची. पोस्टात का नाही ठेवत, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पोस्ट रविवारी बंद असतं. दुखणं नसतं." यंदा त्या डब्याला विशेष कारण होतं. मुलगी कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते, पाय सुजले होते, आणि नर्सबाई पोट तपासताना मधूनच गप्प व्हायची, ते प्रमिलाबाईंना आवडत नव्हतं.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी डबा काढला. उडीद उपसले. तळ लागला. तळाला पत्रा होता, बाकी काही नव्हतं.

नाना पान लावत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही, त्यावरूनच बाईंना कळलं.

"कधी नेले?"

"होळीनंतर." नानांनी चुना जरा जास्तच लावला. "अगं, पडून तर होते. अखाजीपर्यंत वाट पाहायची, मग दुप्पट नाही, चौपट. कोकिळेच्या बारशाला चांदीचा पाळणा करू."

"पाळण्यात निजायला मूल लागतं. त्याच्यासाठी होते ते."

"घरातच तर आहेत. देवघरात." नानांनी बोट दाखवलं. कोपऱ्यात पाटावर घागर होती, पोटावर गेरूनं 'भाईदास'. महिनाभर प्रमिलाबाई स्वतःच तिला सकाळ-संध्याकाळ तीर्थ घालत होत्या, नवऱ्याची हौस म्हणून, आत गहू-बिहू असतील असं समजून. आपल्याच पैशांच्या तेराव्याला आपणच पाणी सोडत होतो, हे त्यांना आत्ता कळलं.

"फोडा," त्या म्हणाल्या.

"वेडी आहेस का? महाराजांनी काय सांगितलंय? अखाजीआधी लिंपण फोडलं तर पितर उपाशी उठतात. आणि घरात जे पोटात असेल ते ओढून नेतात."

ओसरीवर कोकिळा कुशीवर झोपली होती.

प्रमिलाबाई उठल्या, घागरीपाशी गेल्या, हात उचलला, आणि तो हात तसाच परत आला. ही बाई शाळेत लिंबू आणि कंदील घेऊन पोरींना ग्रहण समजावून सांगायची. राहू-केतूंची नावं घेणाऱ्या पोरीला बाकावर उभं करायची. तरी हात परत आला. भीतीचा धंदा असाच चालतो. सौदा भामट्याचा, आणि तारण म्हणून तुमचं लेकरू. तिथं भल्याभल्यांची अक्कल गुडघे टेकते. बाईंना स्वतःची चीड आली, आणि चीड आली की त्यांचं डोकं बरं चालायचं.

फोडता येत नाही ना? ठीक. मग फोडायची नाही. पण पाणी घालायचं की नाही, ते तर सवाष्णीच्या हातात आहे.

दुसऱ्या दिवसापासून भाईदास नानांचे पितर उपाशी राहिले. तांब्या भरायचा, देवघरात न्यायचा, मोठ्यानं "प्या" म्हणायचं आणि मागच्या दारानं जाऊन लिंबाच्या आळ्यात ओतायचा. घागर त्यांनी कोपऱ्यातून खिडकीशी सरकवली. खिडकीतून खानदेशचा वारा येत होता, भट्टीचं दार उघडावं तसा. लिंबाला त्या आठवड्यात नवी पालवी आली. घागरीला काय आलं, ते गुरुवारी कळणार होतं.

गुरुवारी नानांनी घागर डोक्यावर घेतली आणि वाटेत दोनदा थांबून ती हातात घेऊन पाहिली. बाई मागून चालत होत्या. त्यांनी विचारलं, "जड झालं का हो?" नानांनी घागर परत डोक्यावर ठेवली.

शेड भरलेली होती. अखाजी तोंडावर आली होती, त्यामुळे गर्दीला उत्साह होता. एकेक घागर काट्यावर चढत होती, वाढ सांगितली जात होती, बायका कानशिलावर बोटं मोडत होत्या. मग नानांनी स्वतःची घागर ठेवली. एक वजन काढलं. दुसरं काढलं. काटा पुन्हा पाहिला. वीस वर्षांत त्यांनी काट्यावरचा आकडा कधी लपवला नव्हता, आणि आताही खोटं सांगायला जीभ धजेना.

"घट," ते म्हणाले. "मोठी घट."

शेडमध्ये कुजबूज उठली. महाराजांनी डोळे मिटले, मग अर्धवट उघडले. "ज्या घरात मास्तरीण असते," ते सावकाश म्हणाले, "त्या घरात पितरांना परीक्षा द्यावी लागते. नापास झाले बिचारे. चांदीचा परत कागद झाला."

लोक हसले. नानांची मान खाली गेली. प्रमिलाबाई छत्री मिटून पुढे आल्या.

"महाराज, मी आठवडाभर पाणी घातलं नाही. पितरांना नाही मिळालं आणि चांदीही घटली. म्हणजे पाणी गेलं की वजन येतं, पाणी थांबलं की वजन जातं. बरोबर?"

"बरोबर. बिलकुल बरोबर. हीच तर लीला आहे."

"मग पितर मध्ये कशाला हवेत?"

तेवढ्यात दारातून हाक आली. हसीनाबी धापा टाकत आत शिरली. ही प्रमिलाबाईंची शेजारीण, रजया शिवून घर चालवणारी. कोकिळेपाशी तिला बसवून बाई आल्या होत्या.

"बाई, चलो जल्दी. पोरीचं पाणी गेलं. नर्सबाई म्हणते बाळ आडवं शे, इथं नाही व्हनार, जळगावले न्या. ऑपरेशन करावं लागेल म्हणते. रहीमची जीप बोलावली मी, पण पेट्रोल, दवाखाना, बाहेरची औषधं... पैसा किती शे तुमच्यापाशी?"

प्रमिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नानांनी काट्यावरच्या घागरीकडे पाहिलं.

"खबरदार," महाराज उभे राहिले. "पोरगी अडली आहे ना? ती पितरांनी अडवली आहे. आत्ता फोडलीत तर मूलही जाईल आणि आईही. मी हात धुतले."

कुणी हललं नाही. सगळ्या शेडमध्ये एकच बाई जागची हलली. तिनं काट्याच्या पारड्यातलं लोखंडी वजन उचललं. यावेळी हात परत आला नाही. पोरगी तर अडलेलीच होती, आणि घागर अजून शाबूत होती. मग फोडल्यामुळे अडेल, हे कसं? एवढा विचार व्हायला जेवढा वेळ लागला तेवढाच लागला. लिंपणाचा एका घावात चुरा झाला.

आत वर भस्म होतं. खाली काळोख.

"हात घाला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मी?"

"गाडीत घालता तसा घाला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालात घातलात, आज आपल्या घाला."

नानांनी बाही वर सारली. भस्माच्या खाली बोटं गेली, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते जवळ उभ्या असलेल्यांनी पुढे कित्येक वर्षं सांगितलं. घाबरलेला माणूस गेला आणि काटेवाला आला. मूठ आत वळली, तळापर्यंत गेली, बाहेर आली. मुठीत मळका, काळपट कापूस होता, कुठल्यातरी फाटक्या गादीतला. नानांनी तो पिळला. आठवडाभर वाळूनही तळाचा ओलाच होता. दोन थेंब गालिच्यावर पडले. त्यांनी तो नाकाशी धरला.

"ओला माल," भाईदास नाना म्हणाले. "कट्टी."

मग त्यांनी घागर उपडी केली. कापूस पडला. हलवल्यावर खणखणावं म्हणून घातलेले खापराचे तुकडे पडले. नोट एकही पडली नाही.

त्यानंतर शेडमध्ये फुटण्याचा आवाज बराच वेळ चालला होता. प्रत्येक घागरीत तेच: वर भस्म, मध्ये कापूस, खाली खापरं. घागर महाराजाकडूनच विकत घ्यायची, हा नियम होता, आणि त्याचं कारण आता उघडं पडलं. पैशांची पुरचुंडी लोकांच्या डोळ्यांसमोर भस्मावर ठेवली जायची, मग मंत्रासाठी वर शाल यायची, आणि शाल गेली की लिंपण सुरू. पुरचुंडी शालीबरोबर जायची. लिंपणात वाटीच्या बुडाशी भोकं ठेवलेली होती, चिंधीनं झाकलेली. वाटीत ओतलेलं पाणी झिरपून कापसात जायचं. पितरांनी प्यायलेलं पाणी आणि पितरांनी दिलेली चांदी ही एकच वस्तू होती. एक चमत्कार दुसऱ्याच्या पोटात होता, आणि गाव दोन्हींना वेगवेगळा नमस्कार करत होतं.

हिलाल पाटील आपल्या तिन्ही घागरींच्या खापरांत मांडी घालून बसला होता. बाजारात गाडी आणण्याआधी कापसावर रात्रभर पाणी शिंपडण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा नव्हता. नानांनी त्याला दरवर्षी पकडलं होतं.

"हिलाल, तू तरी ओळखायचं होतंस," कुणीतरी म्हणालं. "कापसाले पानी पाजानं तुन्हंच काम."

"मी पाजस," हिलाल म्हणाला. "पन मी त्याले पितर नही म्हनस."

महाराज लघुशंकेला म्हणून सटकले होते, ते शेडच्या मागच्या भिंतीपाशी सापडले. झोळीत पाच-पंचवीस नोटा निघाल्या. बाकीचे आठवड्याच्या आठवड्याला कुणाबरोबर कुठं गेले, ते पोलिसांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. लुटलेला पैसा शेवटच्या पानावर परत मिळतो तो गोष्टीत. धरणगावला मिळाला नाही.

पण प्रमिलाबाईंना त्या क्षणी महाराजाचं काय होतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या तिथंच उभ्या होत्या, हातात लोखंडी वजन, समोर कापूस, आणि पैसा कुठून आणायचा हे सुचत नव्हतं. हसीनाबीनं त्यांचा दंड धरला.

"बाई, भिशी शे ना आपली."

गल्लीतल्या बायकांची भिशी हसीनाबीच चालवायची. दर महिन्याला प्रत्येकीनं थोडे टाकायचे, एकीनं उचलायचे. नानांनी तिची कितीदा टिंगल केली होती: रजयांच्या चिंध्यांत बायकांची बँक. त्या बँकेला एकच नियम होता. जिच्या घरी दुखणं, तिचा नंबर आधी.

"या महिन्याचा नंबर सुगनबाईचा शे," हसीनाबी म्हणाली. "तिला विचारावं लागंल."

सुगनबाई शेडमध्येच होती. बाजारात किराणा दुकान चालवणारी विधवा, हिशोबाला एवढी पक्की की तिच्याकडं धण्याची पुडीही कधी हलकी भरत नसे. तिचीही घागर नुकतीच फुटली होती. ती कापूस पायानं बाजूला सारत म्हणाली, "विचारतेस काय? नियम आहे ना? मग काढ. आणि मास्तरीणबाई, पुढच्या महिन्याचे वेळेवर टाक, नाहीतर मी घरी येऊन बसेन."

जीप तासाभरात जळगावला पोहोचली. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, आई वाचली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, उशीर का केला? नानांनी सांगायचं काय, पितर पाणी पीत होते?

अखाजीला नानांच्या घरी दरवर्षीप्रमाणे घागर भरली. प्रमिलाबाईंनी अडवलं नाही. मेलेल्या माणसांची आठवण काढायला बुद्धी गहाण टाकावी लागत नाही, असं त्यांचं मत होतं. वर खरबूज ठेवलं, नैवेद्य दाखवला.

मी देवाधर्माच्या कोर्टात उभा राहायला आलेलो नाही. ज्याला घागर भरायची त्यानं भरावी. पण जो माणूस तुमचे पैसे घेतो आणि वर सांगतो, उघडून पाहू नका, त्याच्या तोंडावर सांगा की आधी उघडणार. मग तो भगवा असो, पांढरा असो, की सूट-बूट घालून खुर्चीत बसलेला असो. जी शिल्लक अडल्या वेळी हाताला लागत नाही ती शिल्लक नव्हेच, ती दुसऱ्याची मिळकत झाली. थोडं ठेवा, पण असं ठेवा की रविवारी दुपारीसुद्धा काढता येईल. चार माणसांत ठेवा, जी तोंड ओळखतात आणि हिशोब मागतात. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तोच हात आत घाला. तुमच्या रोजच्या कामात जी अक्कल वापरता तीच पुरते. नाना शहाणेच होते. फक्त त्या एका घागरीपुरते त्यांनी आपले हात घरी ठेवले होते.

त्या अखाजीच्या संध्याकाळी हिलाल पाटील पेढे घ्यायला आला. देवघरातली भरलेली घागर पाहून त्यानं डोळे मिचकावले.

"काय नाना, पितर पानी पिनात का?"

नाना नातीला मांडीवर घेऊन बसले होते. नातीला प्रमिलाबाईंकडे देऊन ते उठले, घागरीवरचं खरबूज बाजूला केलं, बाही वर सारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा अखाजीच्या घागरीत कोपरापर्यंत हात घातला.

"सकाळी भरली तेवढीच शे," ते म्हणाले.